संध्याकाळी सात वाजता माझ्या बॅटरीत किती उरतं, ते मोजा

प्रति,
राज्याचे वीज नियामक, वितरण कंपन्यांचे नियोजन अधिकारी आणि ऊर्जा खात्यातील सर्व संबंधित यांस,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहते. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनल आहेत, जिन्याखाली लिथियम बॅटरी आहे आणि आतल्या खोलीत सासूबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र आहे. पॅनल वीजबिलासाठी बसवले. बॅटरी त्या यंत्रासाठी घेतली, कारण पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या भागातल्या वीज कार्यालयात गेले. म्हटलं, घरात बॅटरी आहे, ती नोंदवून घ्या. संध्याकाळी तुमची ओढाताण होते तेव्हा तिच्यातली थोडी वीज तुम्हाला देता येईल. खिडकीपलीकडच्या साहेबांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "ताई, बॅटरीचा रकानाच नाहीये. ती तुमची घरापुरती." माणूस नीट बोलला. त्यांच्यावर माझा राग नाही. फॉर्म त्यांनी छापलेला नाही.

त्यानंतर पंधरवड्याने आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका विक्रेत्याचा माणूस माहिती द्यायला आला. पडद्यावर त्याने एक गुणाकार दाखवला : तीन किलोवॅटचं एक घर, अशी दहा हजार घरं, झालं तीस मेगावॅटचं वीज केंद्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यालयाच्या लेखी माझी बॅटरी शून्य आणि विक्रेत्याच्या लेखी तीन किलोवॅट. दोघांपैकी कोणीही ती मोजलेली नाही. राज्याचं संध्याकाळच्या विजेचं नियोजन यातल्या कुठल्याही आकड्यावर उभं राहू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे आणि चारचौघांना वाचता यावं म्हणून उघड लिहीत आहे.

आधी माझ्या घरचा हिशेब सांगते. बॅटरीवर ५.१ किलोवॅट-तास, म्हणजे ५.१ युनिट, असं छापलेलं आहे. तळाची दहा टक्के वीज इन्व्हर्टर काढू देत नाही, कारण बॅटरी तळापर्यंत रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं. ऑक्सिजनच्या यंत्राला सुमारे साडेतीनशे वॉट लागतात. ते चार तास चालायचं तर १.४ युनिट हवीत, म्हणून तीस टक्के वीज मी कायम राखून ठेवते. ती कुठल्याही भावाने विकायची नाही. उरली तीन युनिट. बाहेर पडताना इन्व्हर्टरमध्ये थोडी उष्णता होऊन जाते. हाती येतात साधारण २.८ युनिट, आणि तीही बॅटरी त्या संध्याकाळी काठोकाठ भरलेली असेल तर.

इन्व्हर्टर तीन किलोवॅटचा आहे, त्यामुळे मी ग्रिडला तीन किलोवॅट देऊ शकते हे खोटं नाही. पण किती वेळ? तासभरसुद्धा नाही. संध्याकाळची मागणी सहाच्या सुमारास चढते आणि दहापर्यंत हटत नाही. २.८ युनिट त्या चार तासांत वाटली की एका तासाच्या वाट्याला ०.७ किलोवॅट येतात. सगळी घरं माझ्याइतकीच राखीव ठेवतात असं धरलं, तर दहा हजार घरांचे होतात ७ मेगावॅट. शिवाय कोणाचं वायफाय बंद, कोणाच्या घरी पाहुणे म्हणून त्या दिवशी नकार, कोणाची बॅटरी अर्धीच भरलेली. दहातली सात घरं हाकेला ओ देतील असं धरू. हा आकडा माझा अंदाज आहे आणि तोच तर मोजायला हवा. म्हणजे ५ मेगावॅटच्या आसपास. पडद्यावरच्या तीसाचे पाच झाले.

आणि यातही एक गोष्ट अजून वजा करायची आहे. माझी बॅटरी आजही संध्याकाळी घर चालवते. पंखे, फ्रिज, दिवे, टीव्ही हे सगळं तिच्यावरच असतं. उद्या घरच्या बॅटऱ्यांतून ग्रिडला वीज घ्यायची योजना सुरू झाली आणि माझ्या बॅटरीतून निघालेलं प्रत्येक युनिट योजनेमुळे मिळालं असं कोणी लिहिलं, तर जे आधीपासून मिळत होतं तेही नव्याने मिळालं असं दाखवल्यासारखं होईल. पगारवाढ किती झाली हे सांगताना जुना पगारसुद्धा वाढीत धरायचा नसतो. योजना नसती तर त्या तासाला माझ्या मीटरवर काय दिसलं असतं, आणि योजनेमुळे काय दिसलं, या दोन्हींतला फरक हेच माझं योगदान. घरच्या बॅटऱ्यांच्या हिशेबात सगळ्यात अवघड जागा हीच आहे, आणि जाहिरातीत नेमकी हीच गाळली जाते.

तरीही हाती उरतं त्याला शून्य म्हणता येत नाही. उलट एक गोष्ट जमेच्या बाजूलाही धरायला हवी. माझ्या जिन्याखालून शेजारच्या घरात गेलेलं युनिट लांबच्या तारांमधून आलेलं नसतं. वाटेत गळती होत नाही, त्यामुळे इथलं एक युनिट दूरच्या केंद्रातल्या एका युनिटापेक्षा थोडं जास्तच भरतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार नोंदीची. महाराष्ट्रात कोणत्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, किती बॅटऱ्या आहेत, हे निदान आमच्या कार्यालयाला तरी माहीत नाही आणि विचारायची सोयही नाही. इथे एक फरक स्पष्ट करते, कारण विक्रेते तो पुसून टाकतात. भारनियमनाच्या काळात आपल्याकडे घराघरात इन्व्हर्टर आले. ते बहुतेक ॲसिडच्या ट्यूब्युलर बॅटरीवर चालतात, ज्यात आपण डिस्टिल्ड वॉटर घालतो. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची अशी बॅटरी कागदावर १.८ युनिटांची असते, ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, आणि तो इन्व्हर्टर ग्रिडकडे वीज पाठवू शकत नाही. ग्रिडला वीज देणाऱ्यांच्या यादीत या बॅटऱ्यांना शून्यच लिहा. मात्र त्या मागणीच्या यादीत आहेत, हे विसरू नका. संध्याकाळी लाइट गेली आणि तासाभराने आली की एका फीडरवरचे, म्हणजे एका मुख्य वाहिनीवरचे, सगळे इन्व्हर्टर एकदम चार्जिंगला लागतात, नेमके सगळ्यात ओढीच्या वेळी. हा भारसुद्धा कोणी मोजलेला माझ्या पाहण्यात नाही. नव्या लिथियम बॅटऱ्या आणि पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारे हायब्रिड इन्व्हर्टर यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना बाहेरून संदेश देता येतो. दोन्हींची एकत्र बेरीज करून लाखांचा आकडा सांगणारा माणूस कोणाची तरी दिशाभूल करतो आहे.

दुसरी तक्रार अशी, की बॅटरी तीन वेगवेगळी कामं करते आणि तिन्हींसाठी एकच आकडा विचारला जातो. एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं की ग्रिडची वारंवारता, म्हणजे विजेच्या लाटांची सेकंदातली संख्या, घसरते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. त्या क्षणी बॅटरीत किती तासांची वीज आहे याला महत्त्व नाही. ती किती सेकंदांत धावून येते याला आहे. ९ ऑक्टोबर २०१९ ला ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधलं कोगन क्रीक हे कोळशावरचं केंद्र ७४८ मेगावॅट देत असताना एकाएकी बंद पडलं आणि वारंवारता ४९.६१ हर्ट्झपर्यंत उतरली. तेव्हा हजार किलोमीटरहून दूर, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या घरांच्या भिंतींवरच्या बॅटऱ्यांनी कोणी बटण न दाबता वीज सोडली. घरं थोडी होती, मदत छोटी होती. पण तिथल्या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने ती मोजून प्रसिद्ध केली. या कामात माझ्या बॅटरीचे तीन किलोवॅट खरंच तीन धरता येतील. संध्याकाळच्या चार तासांसाठी ०.७ धरावे लागतील. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या डीपीला मे महिन्यात एसींचा भार सोसत नाही, त्या कामासाठी आकडा आणखी वेगळा असेल, कारण तिथे त्याच डीपीखालची बॅटरी उपयोगी पडते, कोथरूडची नाही.

बॅटरी काय करू शकत नाही तेही सांगते. ग्रिडच गेलं तर घरच्या इन्व्हर्टरने बाहेर वीज सोडणं ताबडतोब थांबवलं पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. तशा वेळी घरच्या बॅटऱ्या आपापलं घर सांभाळतील, शहर चालवणार नाहीत.

तिसरी तक्रार पावसाळ्याची आहे, आणि ती मी अनुभवाने करते. गेल्या वर्षी मार्चपासून रोज संध्याकाळी सात वाजता बॅटरी किती टक्के भरली आहे, हे मी एका वहीत लिहिते आहे. एप्रिल-मेमध्ये पान उघडावं तर शंभर, अठ्ठ्याण्णव, शंभर. जुलैत सलग असे दिवस आले की सात वाजता चाळीसही नव्हते, आणि त्यातले तीस तर सासूबाईंचे. म्हणजे त्या आठवड्यात मी ग्रिडला काहीच दिलं नसतं. वर्षाची सरासरी काढून योगदान सांगितलं तर हा आठवडा तिच्यात बुडून जातो, आणि वीज कमी पडते ती अशाच एखाद्या आठवड्यात. याला उपाय आहे. ढगाळ दिवशी बॅटरी दुपारी ग्रिडवरून भरावी आणि संध्याकाळी परत द्यावी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या तासांत दर किमान वीस टक्के कमी ठेवायला सांगितलं, ते दुपारी वीज मुबलक असते म्हणूनच ना? मग दुपारची स्वस्त वीज साठवून संध्याकाळी आपल्यालाच परत द्यायची रीतसर वाट मला का दिसत नाही? मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं नाही.

चौथी तक्रार पैशाची. ती मी संकोच न करता मांडते. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनलला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, ते आम्हालाही मिळालं, त्याबद्दल कृतज्ञ आहे. बॅटरी मात्र संपूर्ण आमच्या खर्चाची. तिची भरण्या-रिकामी होण्याची आवर्तनं मोजकी असतात. ग्रिडसाठी वापरलेलं प्रत्येक आवर्तन तिच्या आयुष्यातून वजा होतं. मोठ्या बॅटरी प्रकल्पांना नुसतं तयार राहण्यासाठी पैसे मिळतात, कारण तयारीलाही किंमत असते. तीच तयारी हजार घरांनी मिळून दिली तर तिची किंमत शून्य कशी होते?

ही कल्पना परक्या देशातून आणायची आहे असं कोणी म्हणू नये. २००६ साली पुण्यात काय झालं ते आपल्या कार्यालयांच्या कपाटांत असेल. सर्वाधिक मागणीच्या वेळी शहराला सुमारे ९० मेगावॅट कमी पडत होते आणि भारनियमन चालू होतं. कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते. उद्योजकांनी त्या तासांत ते चालवायचे, त्यांच्या वाट्याची ग्रिडची वीज शहराला मोकळी करून द्यायची, आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी थोड्या अधिभारातून भरून द्यायचा, असा मार्ग निघाला. वीज नियामक आयोगापुढे चर्चा झाली, मंजुरी मिळाली, आणि शहराचं भारनियमन थांबलं. सगळ्या राज्यात त्याला 'पुणे मॉडेल' म्हणू लागले. विखुरलेली, खाजगी मालकीची साधनं एका सुरात चालवून तूट भरता येते हे आम्ही तेव्हाच पाहिलं. माझ्या वर्गातल्या मुलांनी त्या वर्षी दहावीचा अभ्यास दिव्याखाली केला. आज डिझेलचा धूर नको आहे, बॅटऱ्या घरात आहेत, आणि तरीही विचारणा नाही.

बाहेर कुठवर मजल गेली आहे तेही पाहा. २९ जुलै २०२५ ला कॅलिफोर्नियात एक लाखाहून अधिक घरगुती बॅटऱ्या संध्याकाळी सात ते नऊ एकत्र चालवून पाहिल्या. दोन तास सरासरी ५३५ मेगावॅट मिळाले आणि ग्रिडच्या मागणीच्या आलेखात ती घट दिसली. दर बॅटरीमागे पाच किलोवॅट. हा आकडा ऐकून आपण लगेच पाचने गुणायला लागू नये. तिथल्या बॅटऱ्या माझ्या बॅटरीच्या अडीचपट मोठ्या असतात, महिना उन्हाळ्याचा होता, आणि चाचणी आधी ठरवलेली होती. मला त्यात मोलाचं वाटतं ते एवढंच, की तो आकडा मीटरवरून आला. अमेरिकेच्याच व्हरमाँट राज्यात तर वितरण कंपनी स्वतः घरोघरी महिन्याच्या भाड्याने बॅटरी बसवते आणि उच्चांकाच्या तासांत वापरते. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१८ साली ५०,००० घरं जोडून २५० मेगावॅटपर्यंत जायची योजना जाहीर केली होती. आपल्या घाटघरच्या उदंचन (पाणी वर चढवून साठवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची) प्रकल्पाची क्षमताही तेवढीच, २५० मेगावॅट. घाटघरच्या जनित्राला मीटर आहे म्हणून त्यावर आपण विसंबू शकतो. घरच्या बॅटऱ्यांवरही मीटर लावला तरच विसंबता येईल, त्याआधी नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

नव्या आणि जुन्या सर्व सौर जोडण्यांच्या फॉर्ममध्ये बॅटरीचा रकाना घाला : प्रकार कोणता, युनिट किती, किलोवॅट किती, डीपी कोणती. हे करायला निविदा लागत नाही.

तीन ठिकाणी पूर्ण वर्षभराची चाचणी घ्या : शहरातली एक वसाहत, एक तालुक्याचं गाव आणि एक मोठी गृहनिर्माण सोसायटी. जुलै-ऑगस्ट वगळू नका. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना हाक द्या, निम्म्यांना देऊ नका, आणि दोन्ही गटांच्या मीटरमधला फरक काढा. जे आधीपासून मिळत होतं ते या पद्धतीने आपोआप वजा होतं. आठवीतल्या मुलांना आम्ही प्रयोग असाच शिकवतो. निकाल महिन्यावार आणि तासावार सगळ्यांसाठी प्रसिद्ध करा. ज्या दिवशी अर्धी घरं गप्प राहिली, त्या दिवसाचा आकडाही द्या.

केंद्र सरकारच्या जून २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आता पुढच्या वर्षांच्या विजेची तरतूद आधी मांडून दाखवावी लागते. त्या मांडणीत घरच्या बॅटऱ्यांची स्वतंत्र ओळ हवी, आणि तिच्यात तीन आकडे हवेत : सेकंदांच्या मदतीसाठी, संध्याकाळच्या चार तासांसाठी, आणि पावसाळ्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यासाठी. पहिल्या वर्षी ते छोटे असतील. चालेल.

घरमालकाने ठरवलेली राखीव वीज कोणत्याही आदेशाने काढता येणार नाही, हे नियमात लिहा. घरात आजारी माणूस असेल त्याला ऐन वेळी दंडाशिवाय नकार देता यावा. तयार राहण्याचे पैसे वेगळे आणि दिलेल्या युनिटांचे वेगळे, असे बिलावर स्पष्ट दाखवा. आणि बॅटरीच्या नोंदींवरून माझ्या घरात माणसं कधी असतात, कधी नसतात हे कळतं, तेव्हा ती माहिती माझ्या लेखी संमतीशिवाय विक्रेत्याकडे किंवा आणखी कोणाकडे जाता कामा नये.

ढगाळ दिवशी दुपारी ग्रिडवरून बॅटरी भरायची परवानगी आणि तिचा दर, या दोन गोष्टी एका परिपत्रकात सांगता येतील. येत्या जूनच्या आत सांगा, म्हणजे हा पावसाळा वाया जाणार नाही.

आमच्या गल्लीत अशा सात बॅटऱ्या आहेत. सातही घरांशी मी बोलले आहे, सगळे चाचणीसाठी तयार आहेत, आणि सगळी एकाच डीपीवर आहेत. माझ्या वहीत मार्चपासूनची रोजची नोंद आहे. मध्ये सासूबाई दवाखान्यात होत्या ते नऊ दिवस तेवढे कोरे आहेत. वहीची प्रत मी आपल्या कार्यालयात आणून देईन. ती कोणत्या खिडकीवर द्यायची, एवढं कळवावं.

आपली नम्र,
सिंहगड रस्त्यावरची एक घरगुती वीजग्राहक